पोकरमध्ये नशीब किती नि डोकं किती: घरच्या घरी चिंचोक्यांनी कसं मोजायचं

गणपतीच्या जागरणात आमच्या गल्लीत दरवर्षी हाच वाद. एखादा चोर्ला घाटातनं गोव्याला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोत बसून आलेला असतोय, त्याचं म्हणणं पोकर म्हणजे निव्वळ डोकं, आणि दुसरा म्हणतोय काय नाही ओ, तीन पत्तीच ती, पानं जास्त एवढंच. भांडत बसण्यापेक्षा मोजा की.

पत्त्यांचा एक कॅट, वाटीभर चिंचोके आणि एक वही, बास. पैसे नकोत, ऑनलाइन पैशाचे खेळ तर २०२५ च्या कायद्यानं कौशल्य असो नशीब असो सरसकट बंद केलेत, आणि पैसे आले की माणूस मोजायचं सोडून रडत बसतोय.

आधी एवढंच विचारा, या खेळात मुद्दाम हरता येतंय का? अंदर-बाहरमध्ये नाही येत, पान कुठल्या बाजूला पडेल ते पडेल, म्हणजे डोकं शून्य. तीन पत्तीत येतंय, चांगली पानं असून पॅक करा, म्हणजे डाव सोडून द्या की. १९६८ साली सुप्रीम कोर्टानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पानांच्या खेळाला नशिबाचा, मला ते जरा कडक वाटतंय. तीन पानांचे २२,१०० हात होतात, त्यातल्या १६,४४० हातांत जोडीसुद्धा नसते, म्हणजे शंभरातले चौऱ्याहत्तर वेळा हातात काहीच नाही आणि सगळा खेळ कोण कुणाला घाबरवतोय त्याचा. पण एकदा वाटल्यावर नवीन पान येत नाही, तोंड बघून काय ते ठरवायचं, त्यामुळं डोक्याला जागा कमीच.

आता पानं उघडी ठेवून खेळा. होल्डेम म्हणजे पोकरचा एक प्रकार, हातात दोन-दोन पानं आणि मधली पाच सगळ्यांची. त्यात एकाला दोन एक्के, दुसऱ्याला दोन बादशहा द्या, मधली पाच पानं पिसून पिसून वीस वेळा मांडा. आमच्या भाच्यानं मांडली तर एक्के चौदा वेळा जिंकले आणि तो ओरडला, "मामा, एक्के फुटालेत की!" फुटणारच, हिशेबानं शंभरात ८२ च्या आसपास जिंकतात, वीस डाव म्हणजे काहीच नाही. मग ओमाहा, हा पोकरचाच दुसरा प्रकार. चार-चार पानं, हातातली बरोबर दोन आणि मधली तीन वापरायची, इथं नवीन माणूस हमखास चुकतोय. एकाला इस्पिक-बदामचे दोन एक्के नि दोन बादशहा, आणि समोर चौकटचे गुलाम-दश्शी नि किलवरचे नव्वी-अठ्ठी ठेवा, एवढी भारी पानं असून साठ-चाळीसच्या आसपासच निघतंय.

मग ओमाहात नशीब जास्त? बहुतेक जण इथंच घसरतात. नशीब वाढलं की डोकं तेवढं कमी, असा तराजू नसतोय ओ, वहीत दोन वेगळे कॉलम पाडा. पहिल्या कॉलमात भारी पानं कितीवेळा हरली ते, दुसऱ्या कॉलमात, डावात कितीवेळा थांबून विचार करावा लागला ते लिहा. फाइव्ह कार्ड ड्रॉमध्ये, म्हणजे पाच पानं घेऊन नको ती एकदा बदलायची, बोलीच्या म्हणजे चिंचोके लावायच्या दोनच फेऱ्या, आणि समोरच्यानं किती पानं बदलली एवढाच सुगावा. होल्डेममध्ये चार फेऱ्या. ओमाहातबी चारच, पण हातातल्या चार पानांच्या सहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी मधल्या पानांशी लावून बघायची, त्यामुळं एका रात्री कच्चा माणूस सहज जिंकून जाईल पण महिनाभरात त्याची वाटी रिकामी. सेव्हन कार्ड स्टडमध्ये मधली पानं नसतात, प्रत्येकाला आपापली सात, त्यात पाच फेऱ्या आणि सातातली चार पानं सगळ्यांसमोर उघडी.

बोलीचा नियम पण लिहून ठेवा. लिमिट ठरलेली असली की एका चुकीला दोन-चार चिंचोके जातात, नो-लिमिटमध्ये अख्खी वाटी जाते, पानं तीच असून.

एका रात्रीवर निकाल लावू नका, तीच पाच-सहा माणसं घेऊन दोन-तीन महिने लिहा. आमच्या वहीत तीन पत्तीच्या पानावर दर आठवड्याला नाव बदलतंय, स्टडच्या पानावर मात्र पहिल्यापासनं मावशीच पुढं आहे, तिला स्टड हे नावबी नीट म्हणता येत नाही, पण कोण कुठलं पान टाकून उठला ते चहा गाळता गाळता सांगती.