गॅदरिंगचे फोटो तुमच्या गळ्यात पडले असतील तर

प्रत्येक वर्गात एक जण असतो. त्याच्या फोनचा कॅमेरा बरा असतो आणि त्याला 'नाही' म्हणता येत नसतं. डिसेंबर उजाडला की गॅदरिंगचे फोटो त्याच्या गळ्यात पडतात. मी नववीत असताना तो मी होतो. काकांचा कॅमेरा घेऊन शेवटून दुसऱ्या रांगेत उभा राहिलो आणि फ्लॅश चालू ठेवून दीडशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर पुढच्या पालकांची डोकी लख्ख, आणि त्यांच्यामागे अंधारात काहीतरी भगवं हलतंय. ते भगवं म्हणजे आमचा शिवराज्याभिषेक.

छोट्या फ्लॅशचा उजेड जेमतेम तीन-चार मीटर पोचतो, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून पहिली गोष्ट, फ्लॅश बंद करा. दुसरी त्याहून महत्त्वाची: उभं कुठे राहायचं ते आदल्या दिवशीच ठरवा.

रंगीत तालमीला जा

कार्यक्रमपत्रिकेची एक प्रत मागून घ्या आणि तालीम बघताना तिच्यावर पेनाने खुणा करा. कुठल्या नाचात मनोरा आहे, नाटकात राजा कुठल्या बाजूने येतो, कोळीगीतात होडी कधी निघते. ज्याला पुढचं काय ते माहीत आहे, त्याचा साधा फोनही चालतो. ज्याला माहीत नाही, तो महागडा कॅमेरा घेऊनही मनोरा कोसळल्यावर पोचतो.

मधोमध जागा मिळणार नाही, तिथे पाहुण्यांचा सोफा असतो. ती नसलेलीच बरी. स्टेजच्या पायऱ्यांजवळचा कोपरा मागा. तिथून नाचणाऱ्यांच्या रांगा तिरक्या दिसतात आणि एकामागे एक चेहरे येतात. सांस्कृतिकच्या बाईंना आधीच विचारून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कोणी मॉनिटर हात धरून खाली बसवणार नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी फोन पूर्ण चार्ज, मेमरीत जागा रिकामी आणि फ्लाइट मोड चालू. नाहीतर नेमका मनोरा उभा राहताना आत्याचा फोन येतो. आणि लेन्स पुसा. वडापाव खाल्लेल्या बोटाचा ठसा काचेवर असला की प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसतं आणि आपण कॅमेऱ्याला नावं ठेवतो.

स्टेजचा उजेड फसवतो

मागचा पडदा काळा आणि चेहऱ्यावर प्रखर दिवा असला की फोन गोंधळतो. काळोख जास्त दिसतो म्हणून तो सगळंच उजळवतो आणि चेहरे पिठासारखे पांढरे होतात. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून दाबून धरा, म्हणजे फोकस तिथे थांबेल. मग तेच बोट खाली सरकवून उजेड कमी करा. पडदा काळाच राहू दे, तो काळाच असतो.

आणखी एक त्रास एलईडी दिव्यांचा. फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात. डोळ्यांना ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं (शटर म्हणजे फोटो घेताना उजेड आत येण्याचा वेळ). फोनमध्ये 'प्रो' मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून बघा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

पण १/१०० ला नाचणारे हात पुसट येतात, मग करायचं काय? इथे तालीम कामाला येते. लेझीम घ्या. हात वर जातो, लेझीम छनकते आणि तिथे निमिषभर सगळी रांग थांबते. हलगीच्या ठेक्यावर तो क्षण पुन्हा पुन्हा येतो. दोन ठेके नुसते ऐका आणि तिसऱ्याला बटण दाबा. फोन दाबल्यावर जरा उशिरा फोटो घेतो, म्हणून ठेक्याच्या किंचित आधी दाबा. लावणी असो की दांडिया, प्रत्येक नाचात असे थांबे असतात. उडी मारलेल्या मुलालासुद्धा सगळ्यात वर असताना टिपा, कारण तिथे तो क्षणभर स्थिर असतो. हे मला चौथ्या गॅदरिंगला कळलं.

बक्षिसं, झेंडा आणि ग्रुप फोटो

बक्षीस समारंभात फोटो सगळे सारखेच येतात, पण घरोघरी जपले जातात तेच. त्यामुळे कंटाळा करू नका. प्रमाणपत्र हातात आल्यावर मुलं लगेच पळतात. रांगेत उभ्या असलेल्यांना आधीच सांगून ठेवा, "घेतलं की माझ्याकडे बघ, मग जा."

२६ जानेवारीला दोरी ओढली की झेंडा उघडतो आणि फुलं पडतात. त्या दोन सेकंदांत बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून एकामागोमाग, फोटो घ्या. लगेच राष्ट्रगीत सुरू होतं. तेव्हा फोन खिशात आणि तुम्हीही सावधान.

साठ जणांचा ग्रुप फोटो भर उन्हात काढू नका. सगळे डोळे बारीक करतात आणि नाकाखाली सावल्या पडतात. इमारतीच्या सावलीत उभे करा, पण सगळे सावलीत हवेत, अर्धे उन्हात नकोत. पुढे खाली बसलेले, मग खुर्च्यांवर सर-बाई, मागे उभे आणि त्यामागे बाकांवर उंच मुलं. तुम्ही मागे सरका आणि २एक्स झूमवर काढा. जवळून रुंद लेन्सने काढला की कडेची मुलं आडवी ताणली जातात, आणि ती वर्षभर तुम्हाला बोलतात. किमान सहा फोटो घ्या. साठातलं कोणीतरी डोळे मिटणारच.

प्रकल्पाचे फोटो: जागा सोडायची नाही

गॅदरिंगमध्ये क्षण पकडायचा असतो. प्रकल्पात उलटं, तुम्ही हलायचं नसतं.

आमच्या शेजारच्या नववीतल्या मुलीने गंगेच्या, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीच्या, पुरावर प्रकल्प घेतला होता. नाशिककरांची पूर मोजायची पट्टी म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. पाणी पायाशी आलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत चढलं, असं गावभर बोललं जातं. तिने पावसाळ्यात आठ-दहा दिवस जाऊन फोटो काढले. एक डावीकडून, एक जवळून, एक उभा, एक आडवा. शेजारी शेजारी ठेवले तर पाणी चढलं की तीच पुढे सरकली, काही कळेना.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिला दोन खुणा ठरवायला लावल्या. फोटोच्या डाव्या कडेला एक खांब आणि वरच्या कडेला मागच्या देवळाचं टोक. रोज दोन्ही त्याच जागी यायला हवेत. पहिला फोटो फोनवर उघडून समोर धरायचा आणि चौकट जुळवायची. वेळ एकच, सकाळी साडेसात. झूम एकदा ठरवलं की बदलायचं नाही. प्रत्येक फोटोची तारीख-वेळ वहीत. चार फोटो चिकटवले आणि सरांना एक शब्द सांगावा लागला नाही. एक अट मात्र पाळायचीच. पुरात घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर जायचं नाही. पोलिसांची दोरी असेल तर तिच्या अलीकडेच थांबायचं, आणि सोबत घरचं मोठं माणूस हवं. तिच्याबरोबर तिचे आजोबा असायचे, छत्री त्यांच्याच हातात.

ही युक्ती नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्याच्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची छोटी फिल्म केली होती. कुंडी समोर, कॅमेरा जागचा हलवायचा नाही आणि थोडं थोडं टिपत राहायचं. नाशिकच्या पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, सहल निघाली की सांगा मुलांना.

द्राक्षाच्या घडाचा प्रकल्प याच पद्धतीचा, आणि तो करायला नाशिकइतकी सोयीची जागा नाही. दिंडोरी, पिंपळगाव, ओझरकडे कोणाचे तरी मामा असतातच. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने जातात. दर रविवारी एक फोटो धरला तर सोळा-सतरा होतात. काडीला रंगीत दोरा बांधा, नाहीतर पुढच्या आठवड्यात आपला घड कोणता ते सापडत नाही. शेजारी पट्टी धरा, म्हणजे मण्याचा आकार मोजता येईल. डोळे फुटले, फुलोरा आला, मणी धरले, पाणी उतरलं, हे शब्द मामांकडूनच लिहून घ्या आणि फोटोखाली तेच टाका. पुस्तकी नावं नंतर कंसात लिहिता येतात. फवारणीच्या दिवशी बागेत शिरू नका, आधी फोन करून विचारा.

विज्ञान प्रदर्शनात मॉडेलचा नुसता फोटो निर्जीव दिसतो. खिडकी पाठीमागे येऊ देऊ नका, आणि करणाऱ्याला मॉडेल चालवायला सांगा. पाणी वर चढतंय, पंखा फिरतोय आणि बोट तिकडे दाखवतंय, असा फोटो हवा.

नंतरचं कंटाळवाणं काम

खरा घोळ इथे होतो. त्याच रात्री फोटो लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा आणि आणखी एका जागी प्रत ठेवा. पाचशेतून साठ निवडा. बाकीचे मोह सोडून बाजूला टाका, नाचणाऱ्या एकाच मुलीचे चाळीस फोटो तिची आईसुद्धा बघणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. छपाईसाठी द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४×६ इंची प्रिंट चांगली यायला १२००×१८०० पिक्सेल लागतात. कुठल्याही फोनचा मूळ फोटो त्याहून मोठाच असतो, पाठवताना बिघडतो.

कोणाचाही फोटो स्टेटसला किंवा इन्स्टावर टाकण्याआधी त्याला विचारा आणि शाळेचा नियमही विचारून घ्या. मेकअप करताना, रडताना, पडताना काढलेले फोटो दाखवायचेच नाहीत. ते गमतीत काढले तरी पुसून टाका.

आणि नावं. ग्रुप फोटो छापून आला की त्याच दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात फिरवा आणि मागच्या बाजूला रांगेनुसार डावीकडून नावं लिहून घ्या. मऊ पेन्सिलने, अलगद. बॉलपेनने लिहिलं की पुढून चेहऱ्यांवर उमटतं.