पश्चिमेची खिडकी गळू नये म्हणून

जुळे सोलापुरात घर बांधलं त्या वर्षी जून-जुलै जवळजवळ कोरडेच गेले. खिडक्यांवर आम्ही खूश. मग सप्टेंबरात एका संध्याकाळी आडवा पाऊस आला आणि तासाभरात हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीखाली ओलीचा नकाशा उमटला. गवंडी म्हणाला, "फॅब्रिकेटरनं सिलिकॉन नीट मारलं नाही, काका." फॅब्रिकेटर म्हणाला, "गाळाच वाकडा दिलता की वो." गाळा म्हणजे भिंतीत खिडकीसाठी सोडलेली मोकळी जागा. दोघंही खरंच बोलत होते. भिंत गवंड्याची, खिडकी फॅब्रिकेटरची, आणि मधली बोटभर फट कुणाचीच नाही. पाणी नेमकं तिथूनच येतं. तेव्हा ती फट घरमालकानं आपली मानावी आणि पुढची कामं समोर उभं राहून करून घ्यावीत. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आटोपली की काम काढा, म्हणजे मृगाआधी घाई होत नाही.

पहिलं काम गाळ्याचं. लिंटेल, म्हणजे गाळ्यावरची आडवी काँक्रीटची पट्टी, दोन्ही बाजूंना भिंतीवर किमान सहा इंच टेकलेलं हवं. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाया थोडा जरी हलला तरी पहिली चीर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाते, म्हणून गिलाव्याआधी चारही कोपऱ्यांवर चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, तिरकी ठोकून घ्या. छज्जा दीड-दोन फुटांचा असावा. त्याच्या वर भिंतीलगतच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर उतरती कड, मारावा, आणि खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, बोटाएवढी खाच ठेवावी. छज्जाच्या पोटाला चिकटून आत सरकणारं पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं. गिलावा ओला असताना पट्टी दाबली की ही खाच फुकटात होते, नंतर ग्राइंडर आणून धूळ खात करावी लागते.

खालचा दगड सगळ्यात महत्त्वाचा. माझी चूक इथेच झाली होती. ग्रॅनाइटची एकच सलग फळी आतून बाहेरपर्यंत टाकली होती आणि ती केसभर आतल्या बाजूला उतरती होती. डोळ्याला दिसत नव्हतं, वर गोटी ठेवल्यावर ती सोफ्याकडे आली. एकाऐवजी दोन दगड घ्या: आतला अर्धा इंच उंच, बाहेरचा खाली. मध्ये जी छोटी पायरी तयार होते, तिला पाठ लावून सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक बसतो आणि वाऱ्यानं ढकललेलं पाणी त्या पायरीला अडतं. बाहेरच्या दगडाला स्पष्ट ढाळ द्या, सहा इंचाच्या रुंदीला अर्धा इंच तरी. तो गिलाव्याच्या पुढे दीड इंच यावा आणि त्याच्याही पोटाला खाच असावी. दगडाची दोन्ही टोकं बाजूच्या भिंतीत थोडी घुसवून घ्या. नुसती टेकवलेली टोकं म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण.

दगड बसवण्याआधी खालच्या विटांवर आणि दोन्ही बाजूंना सहा इंच वरपर्यंत सिमेंटमध्ये कालवायच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा, पहिला आडवा आणि तो सुकल्यावर दुसरा उभा. हा खर्च वाचवू नका.

माप दगड बसल्यावरच. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण. सगळ्यात कमी भरलेल्या मापातून एक सेंटिमीटर वजा करून चौकट बनवायला सांगा, म्हणजे चहूबाजूंनी अर्धा सेंटिमीटर फट राहते. "टाइट बसवतो, हलणार नाही," असं कुणी म्हणालं तर थांबवा. पहाटेच्या गारव्यापासून मे महिन्याच्या दुपारच्या तापलेल्या पत्र्यापर्यंत चाळीस अंशांचा फरक धरला, तर पाच फुटी अॅल्युमिनियम सुमारे दीड मिलिमीटर वाढतं आणि यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकची चौकट, चारच्या आसपास. जागा नसेल तर चौकट वाकते आणि शटर अडकतं.

चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेला आणू नका, जमेल तेवढी आत घ्या. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाड भिंतीत खिडकी खोल बसलेली असे, तिला पाऊस कमीच लागायचा. आत कुंडी ठेवायला रुंद ओटा मिळावा म्हणून आपण खिडकी बाहेर ढकलतो आणि मग टॉवेल कोंबत बसतो. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही म्हणा.

चौकट उभी करताना ओळंबा आणि पाणसळ दोन्ही लावा. कोपऱ्यापासून सहा इंचांवर पहिला स्क्रू, मग दोन फुटांच्या आत दुसरा. खालच्या ट्रॅकला मात्र आरपार भोक पाडू देऊ नका. ट्रॅकमध्ये पाणी साचणारच, आणि ते स्क्रूच्या कडेनं सरळ भिंतीत उतरतं. ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं पाणी जायच्या खाचा आहेत ना, ते बोट फिरवून पाहा. धुळीनं त्या बुजतात, तेव्हा दर उन्हाळ्याच्या शेवटी जुन्या टूथब्रशनं साफ करा.

फट भरताना सिमेंट कोंबू नका. सिमेंट अॅल्युमिनियमला डाग पाडतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं. डब्यातून फवारल्यावर फुगणारा पीयू फोम नुसताच भरला तर तोही पाणी अडवत नाही, तो फक्त पोकळी भरतो. फटीत आधी फोमची गोल दोरी दाबायची, तिच्यावर न्यूट्रल सिलिकॉन. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती परत करा. ते सिलिकॉन सिमेंट-दगडाला नीट धरत नाही. भिंत झाडून, कोरडी करून, सकाळच्या गारव्यात काम करा. दुपारच्या तापलेल्या चौकटीवर फुगे येतात. वरची आणि दोन्ही बाजू सलग भरा. खाली ट्रॅकच्या खाचा मात्र मोकळ्या सोडा, नाहीतर आत आलेलं पाणी आतच अडकेल.

पैसे चुकते करण्याआधी पाइप लावा. आत एकानं टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून बागेच्या पाइपचं पाणी मारायचं. आधी फक्त खालच्या दगडावर पंधरा मिनिटं, मग बाजूंवर, शेवटी छज्जाखाली. खालून वर जायचं कारण साधं आहे: वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि गळतं कुठून ते कळत नाही. आमच्याकडे दुसऱ्यांदा काम झाल्यावर मुलगा आत बसला होता. डाव्या कोपऱ्यात एक थेंब दिसला म्हणून ओरडला. तेवढी चार इंच पट्टी कापून पुन्हा भरली, दोन दिवसांनी परत पाइप लावला, आणि मग उरलेले पैसे दिले.