दगडावर बसली तरी दार उघडलं पाहिजे: गाडीला रॉक स्लायडर कसे बसवावेत

गगनबावड्याकडच्या एका जांभ्याच्या वाटेवर माझी जुनी बोलेरो उजव्या कुशीनं दगडावर बसली. दाराखालची पट्टी आत गेली आणि मागचं दार अडकलं ते अडकलंच. गाडीला पाइपाची चकचकीत पायरी होती की! तीच दुमडून पत्र्यात घुसली होती. पायरी माणसाचं वजन पेलते. स्लायडरनं, म्हणजे दाराखाली बसवलेल्या जाड पाइपानं, गाडीचं वजन पेलून ते चॅसीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) पोचवायचं असतं. पुढचं सगळं यावरच ठरतं.

आधी कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. आरटीओत विचारूनच लोखंड विकत आणा.

मापं गाडी सपाट जागेवर उभी करून घ्या. पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवा. टायर आणि स्लायडरचं टोक यांत चार बोटं तरी जागा राहू दे. गाडीखाली झोपून ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप कुठून गेलेत तिथं खडूनं खुणा करा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाला तोटा नाही, पण भंगारातला पाइप स्वस्त दिसला तरी घेऊ नका, आतून किती गंजलाय ते कळत नाही. काळा दीड इंची ‘सी क्लास’ मागा: बाहेरून 48.3 मिमी, भिंत 4 मिमी, अंगावर लाल पट्टा. निळ्या पट्ट्याचा ‘बी क्लास’ 3.2 मिमीचा, तो नको. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, तर नकोच. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी-ताप भरतो. पायांना, म्हणजे स्लायडर चॅसीला जोडणाऱ्या आडव्या तुकड्यांना, 50 बाय 50 मिमीचा, 4 मिमी जाडीचा चौकोनी पाइप आणि 8 मिमीची प्लेट लागेल. दोन्ही बाजू मिळून साठेक किलो वजन वाढेल, हे धरून चाला.

आता पाय. वेल्डर म्हणाला, “मालक, थेट चॅसीलाच मारतो की, दोन तासांत मोकळे.” मी नको म्हटलं. वेल्डिंगच्या उष्णतेनं टाक्याशेजारची चॅसी कमजोर होऊ शकते, आणि पुढं स्लायडर काढायचा झाला तर कटरच चालवावा लागतो. त्यापेक्षा चॅसीच्या आत एक आणि बाहेर एक प्लेट ठेवा, वर दोन आणि खाली दोन एम-12 चे (12 मिमी जाडीचे) 8.8 ग्रेडचे बोल्ट घालून आवळा. चॅसीला भोक पाडायचंच नाही. आतल्या प्लेटखाली ब्रेकचा पाइप चिमटत नाही ना, हे बोट फिरवून बघा. एका बाजूला असे तीन पाय.

पाय सरळ आडवे नकोत; बाहेरचं टोक 10 ते 15 अंश वर हवं, म्हणजे दगडावरून गाडी घसरते, अडकत नाही. बॉडी रबरी बुशवर हलते, म्हणून दाराखालच्या पट्टीपासून 20-25 मिमी फट सोडा.

बॅटरीच्या दोन्ही तारा काढून गाडीवर फक्त टाके (तुकडे जागेवर धरण्यापुरतं थोडं वेल्डिंग) मारा. पूर्ण वेल्डिंग खाली उतरवून. टाके मारताना अर्थिंगचा चिमटा जोडाजवळच लावा, आणि ओलं पोतं व आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. वेल्डिंगचे 3.15 मिमीचे 7018 रॉड वापरा, पण कोरडे. माझी चूक इथंच झाली: जुलैत, उघड्या पाकिटातले रॉड. टाका वरून देखणा, पण घासल्यावर आत बारीक भोकं. पहिल्या बाजूचे तिन्ही पाय कापून पुन्हा बनवले.

पाइपाची तोंडं टोपणं लावून बंद करा. मग रेड ऑक्साइड, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात.

बसवल्यावर जॅक स्लायडरच्या मधोमध लावा आणि त्या बाजूची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटेपर्यंत उचला. खाली कुणी जायचं नाही, हातसुद्धा घालायचा नाही. फट होती तेवढीच राहिली आणि दार नेहमीसारखं उघडलं तर काम जमलं. फट कमी झाली तर पाय वाकतोय. काढा आणि दुरुस्त करा.

शंभरेक किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळा. माझ्या 24 पैकी पाच पाव फेरा फिरले.