एक गायक, एकच नाव: कॉम्प्युटरवरचा गाण्यांचा संग्रह कसा लावावा

सगळी गाणी एका फोल्डरात आणली आहेत आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली आहे, असं धरून चालते. प्रत नसेल तर आधी ती काढा, मग पुढचं वाचा.

दोन सॉफ्टवेअर लागतील. विंडोजवर दोन्ही फुकट मिळतात. ऐकायला म्युझिकबी आणि टॅग, म्हणजे फायलीतच साठवलेली गायक, शीर्षक, अल्बम ही माहिती, दुरुस्त करायला एमपीथ्रीटॅग. फोल्डरांची उतरंड रचत बसू नका. 'गायक, मग अल्बम, मग वर्ष' हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण एकच ठुमरी गायिकेच्या, रागाच्या आणि मैफलीच्या अशा तीन फोल्डरांत कशी ठेवणार? ते काम टॅगचं आहे.

एमपीथ्रीटॅग उघडल्यावर पहिल्यांदा ऑप्शन्समध्ये टॅग्ज, त्यात एमपेग इथे जा. लिहिण्यासाठी आयडीथ्री व्ही २.३ (टॅग साठवायची पद्धत), यूटीएफ-१६ (देवनागरी सामावणारी अक्षरपद्धत) निवडा आणि जुन्या व्ही १ पद्धतीची खूण काढून टाका. व्ही १ मध्ये शीर्षकाला जेमतेम ३० अक्षरांची जागा असते आणि देवनागरीची सोयच नाही. जुन्या प्लेअरवर गाण्याच्या नावाजागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात ती बहुतेक वेळा त्यामुळेच.

आता खरं काम, नावांचं. माझे इथे कित्येक महिने गेले. म्युझिकबीत गायकांची यादी उघडली तर भीमसेन जोशी पाच ठिकाणी: 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी', नुसतं 'भीमसेन जोशी', रोमनमध्ये दोन तऱ्हांनी. सॉफ्टवेअरच्या लेखी ही पाच वेगळी माणसं. म्हणून नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: लिपी एक, नाव एक, उपाधी नाही. पंडित, उस्ताद, स्वरसम्राज्ञी हा आदर मनात ठेवा. टॅगमध्ये 'पं.' लिहिलं की निम्मे गायक 'प' खाली जाऊन बसतात.

दुरुस्ती अशी करा. आर्टिस्टच्या रकान्यावर क्लिक करून यादी लावून घ्या, एका गायकाच्या सगळ्या फायली निवडा, डावीकडच्या चौकटीत नाव एकदाच नीट लिहा आणि कंट्रोल-एस दाबा. बाकीच्या चौकटींत 'कीप' दिसत असेल तर तिथे हात लावू नका. तिथे काही टाइप केलंत तर निवडलेल्या सगळ्या गाण्यांची शीर्षकं एकसारखी होतील.

एवढं करूनही एखादं नाव दोनदा दिसतं आणि डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. मी 'वाऱ्यावर' शोधत होते. सहा गाणी असल्याचं पक्कं माहीत होतं, सापडली चारच. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या 'र'नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधताना मात्र वेगळे. त्यामुळे असे शब्द पुन्हा टाइप करू नका. एका फायलीतून कॉपी करून बाकीच्यांत चिकटवा. नावाच्या शेवटी राहून गेलेली मोकळी जागाही हाच घोळ घालते.

आणि कळकळीची विनंती: आपोआप टॅग भरणाऱ्या सोयीला सगळा संग्रह एकदम देऊ नका. मी एकदा रात्री लावून झोपले. सकाळी पाहिलं तर घरच्या कॅसेटवरून उतरवलेल्या मैफलींना बाजारातल्या अल्बमची नावं लागली होती. वडिलांनी कॅसेटच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि तबलजीचं नाव मी कॉमेंटमध्ये भरलं होतं, तेही पुसलं गेलं. प्रत होती म्हणून वाचले. बाजारातल्या सीडीपुरतीच ती सोय वापरा, तीही एकेक अल्बम घेऊन.

पुढे 'अल्बम आर्टिस्ट', म्हणजे एका गाण्याचा नव्हे तर अख्ख्या अल्बमचा कलाकार. हा रकाना लोक रिकामा सोडतात आणि मग अल्बमचे तुकडे होतात. गीतरामायणच घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते पहिल्यांदा प्रसारित झालं तेव्हा गीतं ५६ होती आणि गायक अनेक. अशा संचात आर्टिस्टमध्ये त्या त्या गाण्याचा गायक, कंपोझरमध्ये सुधीर फडके आणि अल्बम आर्टिस्टमध्ये ५६ ही गाण्यांना एकच नाव लिहा. ट्रॅक क्रमांकही भरा, नाहीतर कथा बाराखडीच्या क्रमाने ऐकावी लागेल.

दोन गायक असतील तर मध्ये अर्धविराम द्या, म्युझिकबी दोघांना वेगळं ओळखतं. रागासाठी स्वतंत्र रकाना करा. त्यातही एकाच रागाचं नाव भूप लिहायचं की भूपाली ते आधीच ठरवा.

आता म्युझिकबीला तो फोल्डर दाखवा. कॅसेटवरच्या फायली हळू आणि सीडीवरच्या मोठ्या वाजत असतील तर आवाजाची पातळी सारखी करणारी रीप्लेगेन ही सोय चालू करा, पण ख्यालाच्या अल्बमांसाठी 'अल्बम' पद्धतीने, म्हणजे अख्ख्या अल्बमला एकाच मापाने. गाण्यावर गाणं चढवणारी क्रॉसफेडची सोय शास्त्रीय संगीतासाठी बंदच ठेवा. विलंबित संपून द्रुत सुरू होण्याआधी तानपुरा एकटा ऐकू येतो, ते दोन क्षण त्यात बुडून जातात.