एचडीडीने ड्रेनेज लाइन टाकताना उतार कसा धरायचा

केबल किंवा प्रेशरची पाणी लाइन एचडीडीने (रस्ता न खोदता मशीनने जमिनीखालून आडवं भोक, म्हणजे बोअर, पाडून) टाकताना पाइप मध्येच वीतभर वर-खाली गेला तरी चालून जातं. ड्रेनेजचं पाणी मात्र केवळ उतारावर वाहतं. लाइनला मध्ये जरासं पोट आलं, की तिथे पाणी साचतं आणि गाळ धरतो. म्हणून केबलच्या कामात मुरलेल्या माणसालाही हे काम नव्याने शिकावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती लोकेटरने (रॉडच्या टोकावरचं हेड कुठे आहे ते जमिनीवरून सांगणारं यंत्र) दाखवलेल्या खोलीवर विसंबल्याने. त्या आकड्यात ५ टक्के इकडे-तिकडे धरावंच लागतं, म्हणजे २ मीटरवर १० सेंटिमीटर. १ टक्का उताराला ३ मीटरच्या एका रॉडमागे फरक असतो जेमतेम ३ सेंटिमीटर! तेव्हा उतार धरायचा तो सोंडच्या (हेडमध्ये बसवलेल्या, सिग्नल देणाऱ्या ट्रान्समीटरच्या) पिचवर, म्हणजे तो दाखवतो त्या उताराच्या टक्क्यावर. ०.१ टक्क्यापर्यंत वाचणारा सोंड घ्या, दर रॉडला पिच वहीत लिहा आणि बेरीज करत चला. वाटेत काही ठिकाणी तपासणीचे खड्डे घेऊन रॉडची खरी पातळी लेव्हलने मोजा. मडचा (बोअरमध्ये सोडलेल्या बेंटोनाइट मातीच्या पातळ चिखलाचा) दाबही त्या खड्ड्यांतून सुटतो.

बोअर सुरू करण्याआधी हेड सपाट जागी ठेवून घड्याळाच्या काट्यासारखं १२, ३, ६ आणि ९ वर फिरवा. चारही ठिकाणी पिच सारखाच यायला हवा, आणि हेडवर ठेवलेल्या डिजिटल लेव्हलशी जुळायला हवा. फिरवल्यावर आकडा बदलत असेल तर सोंड हाउसिंगमध्ये सैल किंवा तिरका बसला आहे. तो नीट बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मशीन शक्यतो उताराच्या खालच्या टोकाला लावा, म्हणजे मड आपोआप मागे वाहून येतं. जागा मोजताना मात्र फसगत होते. २० टक्के पिचने आत शिरून २ मीटर खोलीवर रॉड आडवा करायचा असेल आणि रॉडची वळणत्रिज्या ३० मीटर असेल, तर त्यातच सुमारे १३ मीटर जातात. तेवढं अंतर मागे मिळत नसेल तर मशीन खड्ड्यात उतरवावं लागेल.

वळवताना धीर धरा. माती कापणारा बिट पुढे असतो, सोंड त्याच्या मागे, त्यामुळे केलेली दुरुस्ती पडद्यावर उशिरा दिसते. आकडा हलत नाही म्हणून आणखी ढकललं, की बोअर लाटेसारखा होतो. मऊ मातीत मड चालू ठेवून एकाच जागी फिरत राहिलात तर खालची माती धुऊन जाते आणि हेड बसतं.

मडसाठी आधी सोडा ॲश घालून पाण्याचा पीएच ८.५ ते ९.५ वर आणा, मग बेंटोनाइट, पॉलिमर शेवटी. चिकणमातीत बोअरच्या आकारमानाच्या चौपट मड लागू शकतं. २० सेंटिमीटरच्या बोअरला मीटरमागे ३१ लिटर जागा होते, म्हणजे साधारण १२५ लिटर मड. पंप मिनिटाला १२० लिटर देत असेल तर रीमर (बोअर रुंद करणारं हत्यार) मिनिटाला मीटरभरापेक्षा जास्त ओढू नका. घाई केली की माती अडकते, दाब चढतो आणि मड जमीन फोडून वर येतं.

एरवी बोअर पाइपच्या दीडपट करतात. इथे तेवढा मोठा बोअर घातक ठरतो, कारण रिकामा पाइप मडमध्ये तरंगतो. १६० मिलिमीटरचा एसडीआर ११ (व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) एचडीपीई प्लास्टिकचा पाइप मीटरला सुमारे ६.५ किलो भरतो, १.१५ घनतेचं मड त्याला २३ किलोच्या जोराने वर उचलतं. बोअर मोठा असेल तर पाइप छताला जाऊन टेकतो आणि मेहनतीने धरलेला उतार हातचा जातो. पाइपमध्ये पाणी भरलं की आणखी १३ किलो वजन येतं आणि उचल ३ किलोवर उतरते. म्हणून माती परवानगी देईल तेवढा बोअर अरुंद ठेवा आणि ओढताना पाणी भरा. पाइपपुढे स्विव्हल (रॉड फिरले तरी पाइप फिरू न देणारा जोड) हवाच. वेल्डिंगच्या जोडातला आतला मणी आधीच कापून घ्या, नाहीतर तिथे घाण अडते.

ओढताना ताणलेला पाइप नंतर आकसतो. दोन्ही टोकांना जादा लांबी सोडून रात्रभर तसाच ठेवा, चेंबरची जोडणी दुसऱ्या दिवशी करा. मग वरून पाणी सोडा, वाहून जाऊ द्या आणि कॅमेरा घाला. जिथे पाणी उभं दिसेल, तिथे पोट आहे.