पदवीच्या शेवटी शेवटी विद्यापीठ बदलायचं का? आधी हा हिशेब मांडा

पदवीचं एखादं वर्ष उरलं असताना ट्रान्सफरचा विचार आला, की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो : माझी किती क्रेडिट तिकडे चालतील? हा प्रश्न अर्धाच आहे. क्रेडिट मान्य होणं वेगळं आणि ती पदवीत मोजली जाणं वेगळं. उशिरा ट्रान्सफर घेणारे नेमके इथेच अडकतात.

आकडे घेऊन बघू. पदवी १२० क्रेडिटची आहे, तुमची ९० झाली आहेत. नव्या विद्यापीठाने त्यातली ७८ मान्य केली. पत्रावर आकडा झकास दिसतो. पण पदवीच्या रकान्यांत बसतात ती ५४च. बाकीची २४ ‘ऐच्छिक’ म्हणून नोंदली गेली आणि ऐच्छिक विषयांचा कोटा आधीच भरलाय. ती मार्कशीटवर दिसतील, पण उपयोग शून्य. म्हणजे तिकडे ६६ क्रेडिट बाकी. सेमिस्टरला १५ धरली तर ४.४, म्हणजे प्रत्यक्षात पाच सेमिस्टर. आहात तिथे ३० बाकी, म्हणजे दोन. तेव्हा ठरवायचं आहे ते एवढंच : तुम्हाला जे हवंय त्यासाठी तीन सेमिस्टरची फी, राहण्याचा खर्च आणि उशिरा सुरू होणारी कमाई मोजायची तयारी आहे का?

एवढी गळती का होते? पहिल्या दोन वर्षांचे पायाभूत विषय बहुतेक ठिकाणी सारखे असतात, त्यांची जुळणी सहज होते. वरच्या वर्गाचे विषय मात्र प्रत्येक विभाग आपल्या पद्धतीने बांधतो, आणि आपल्या नावाची पदवी देताना तेच विषय स्वतः शिकवायचा त्याचा आग्रह असतो. तुमची सगळ्यात मेहनतीची क्रेडिट आधी गळतात ती यामुळे.

त्यावर किमान क्रेडिटची अट असते : पदवी देणाऱ्या विद्यापीठातच अमुक इतकी क्रेडिट मिळवलेली हवीत. अमेरिकेत अनेक ठिकाणी ही अट १२० पैकी ३०च्या आसपास असते, काही ठिकाणी निम्मी. भारतात अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्यांची क्रेडिट जमा ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था) २०२१च्या नियमांनी ती किमान ५० टक्के ठेवली. निम्म्याची अट असेल तर तुमच्या ९० पैकी ६०च्या वर घेताच येत नाहीत, मग गुण कितीही चांगले असोत. हे कलम सगळ्यात आधी वाचा. काही वेळा निर्णय तिथेच होतो. पद्धत बदलत असेल तर आकडेही बदलतात. युरोपात पूर्ण वर्षाची ६० ईसीटीएस (तिथल्या सामायिक पद्धतीची) क्रेडिट धरतात, त्यामुळे क्रेडिटला क्रेडिट लावून बेरीज करू नका.

आता कामाला लागा. नव्या विद्यापीठाचा पदवी आराखडा घ्या, तुमच्या प्रवेशाला लागू होईल त्या वर्षाचा. वहीत तीन रकाने पाडा : त्यांचा विषय, माझा झालेला विषय, कोणत्या गटात मोजला. तिसरा रकाना स्वतः भरायचा नाही. तो विभागाकडून लेखी भरून घ्यायचा. प्रवेश विभागातला माणूस ‘होऊन जाईल’ म्हणाला, तरी विषयाची समकक्षता बहुधा विभागच ठरवतो. त्यासाठी प्रत्येक विषयाचा सिलॅबस लागेल, आणि तोही तुम्ही तो विषय घेतलात त्या वर्षाचा. तासिका, प्रात्यक्षिकं, नेमलेली पुस्तकं, गुणांची विभागणी, सगळं त्यात हवं. नुसत्या विषयाच्या नावावर अर्ज गेला की ‘सांख्यिकी २’ म्हणजे नक्की काय, हे कुणालाच कळत नाही आणि तो विषय सरळ ऐच्छिकात पडतो.

त्यानंतर साखळी तपासा. समजा राहिलेल्या विषयांत ‘अ’ झाल्याशिवाय ‘ब’ घेता येत नाही, ‘ब’ झाल्याशिवाय प्रोजेक्ट नाही, आणि ‘अ’ फक्त विषम सेमिस्टरला शिकवतात. तुम्ही सम सेमिस्टरला दाखल झालात तर पहिले सहा महिने साखळी हलणारच नाही, क्रेडिट कितीही कमी उरलेली असोत. म्हणून सेमिस्टरनिहाय वेळापत्रक कागदावर मांडा आणि विभागाला दाखवा.

चौकशीत आणखी दोन गोष्टी हमखास राहून जातात. बऱ्याच ठिकाणी क्रेडिट येतात, ग्रेड येत नाहीत. सीजीपीए नव्याने सुरू होतो, आणि विशेष श्रेणीसाठी तिथलीच ठरावीक क्रेडिट लागू शकतात. दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची : सध्याची सोडावी लागेल का, आणि नवी ट्रान्सफरच्या विद्यार्थ्यांना मिळते का, हे वेगवेगळं विचारा. परदेशात शिकत असाल तर व्हिसाही बघा. ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर संस्था बदलताना साधारणपणे नवा अर्ज करावा लागतो.

कारण काय आहे, यावरही बरंच ठरतं. अभ्यासक्रमच बंद होतोय, मान्यता गेलीय, छळ होतोय, घरच्या जबाबदारीमुळे गाव सोडावंच लागतंय, तर जास्तीची सेमिस्टर पत्करण्यात शहाणपण आहे. (अभ्यासक्रम बंद होत असेल तर सध्याच्या विद्यार्थ्यांना पदवी कशी पूर्ण करून देणार, ते आधी लेखी मागा.) कारण एक प्राध्यापक असेल तर गाईड बदलता येतो. थकवा असेल तर एका सेमिस्टरची रजा स्वस्त पडते. थकवा ट्रान्सफरबरोबर तिकडेही येतो. आणि मोठ्या नावासाठी जायचं असेल, तर पदवी इथेच पूर्ण करून पदव्युत्तर शिक्षणाला तिकडे जाणं बहुधा जास्त फायद्याचं. हवा तो विषय फक्त तिकडेच असेल, तर एका सेमिस्टरपुरतं पाहुणा विद्यार्थी म्हणून जाऊन क्रेडिट इकडे आणता येतात का, ते विचारा. अशी परवानगी जाण्याआधीच लेखी घ्यावी लागते.

जायचं ठरलंच, तर घाई नको. बॅकलॉग आधी निपटा; नापास विषय नवीन ठिकाणी कुणी घेत नाही. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत दाखला, परीक्षा विभागाकडून सीलबंद पाकिटात किंवा थेट ऑनलाइन पाठवतात, आणि ग्रंथालयाची थकबाकी राहिली तरी ते अडतं. जुना प्रवेश रद्द करण्याचा अर्ज मात्र शेवटचा : गटवार क्रेडिटचं पत्र आणि पदवी पूर्ण होण्याचं अपेक्षित सेमिस्टर, दोन्ही सहीनिशी हातात आल्यावर. आधी रद्द केलात आणि पत्रात ७८च्या जागी ५४ आली, तर परतीची जागा शिल्लक असेलच असं नाही.