लिनक्सवर नेट बंद पडलं तर: आधी वायर, मग कार्ड, सेटिंग सगळ्यात शेवटी

नेट गेलं की बहुतेकांचा हात आधी सेटिंगच्या फाइलीकडे जातो. कालपर्यंत सगळं चालत होतं आणि फाइलीला कुणी हात लावलेला नसेल, तर दोष तिथे असण्याची शक्यता फार कमी. अंदाजाने चार बदल केले की मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्यावर आपले चार नवे बिघाड चढतात. म्हणून क्रम धरून चला: वायर, कार्ड, ड्रायव्हर, आयपी पत्ता, मार्ग, नाव. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही.

पुढच्या कमांड डेबियन आणि उबुंटूवरच्या आहेत. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या, मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. बऱ्याच कमांडना आधी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) लागतं. कार्डाचं नाव उदाहरणादाखल ईएनपी३एस० धरलं आहे. इथटूल, आयपर्फ३ आणि पीसीआययूटिल्स ही पॅकेजेस नेट चालू असतानाच टाकून ठेवा. राहून गेली असतील तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा. लिनक्स त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर न मागता नेटवर्क कार्ड म्हणून ओळखतं.

वायर

पहिली कमांड ‘आयपी लिंक’. कार्डाच्या ओळीत कोनी कंसात ‘अप’ हा शब्दच नसेल तर कार्ड बंद ठेवलेलं आहे. ‘आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप’ देऊन चालू करा आणि पाचेक सेकंद थांबा. ‘अप’ आहे, पण सोबत ‘नो-कॅरियर’ दिसतं, तर पलीकडून सिग्नलच येत नाही. केबल, कनेक्टर, राउटरचं पोर्ट किंवा आपलं पोर्ट यांपैकी काहीतरी गेलं आहे. अशा वेळी आयपी पत्त्याशी खेळून काही साधणार नाही. चालू असलेली दुसरी केबल लावा, मग राउटरचं दुसरं पोर्ट, मग त्याच केबलवर दुसरा लॅपटॉप. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर नेमकं काय बिघडलं होतं ते कळतच नाही.

लिंक आहे पण वेग रडतखडत, ही तक्रार जास्त फसवी. ‘इथटूल ईएनपी३एस०’ द्या आणि ‘स्पीड’ची ओळ बघा. गिगाबिट कार्डावर १००० ऐवजी १०० दिसलं तर कारण बहुधा तांब्यातच असतं. १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. गोम अशी, की दोन्ही टोकं वेग ठरवण्याची बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरच करतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी बोलणी गिगाबिटचीच होते आणि प्रत्यक्ष जोडताना घोडं अडतं. मग काही कार्डं १०० वर उतरतात, तर काही दर काही सेकंदांनी लिंक सोडतात आणि पुन्हा धरतात. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत काही ड्रायव्हर ‘डाउनशिफ्ट’ असा शब्द लिहून केबल तपासा असं स्पष्ट सांगतात.

केबलला दोष देण्याआधी इथटूलच्याच उत्तरात ‘लिंक पार्टनर’ने, म्हणजे केबलच्या पलीकडच्या टोकाने, काय देऊ केलंय ते वाचा. तिथे १००० आहे आणि लिंक १०० वर, तर केबल किंवा क्रिम्पिंग (तारांना कनेक्टर दाबून बसवणं). तिथेच कमाल १०० असेल तर राउटरचं पोर्टच तेवढं आहे. स्वस्त राउटरमध्ये हे सर्रास असतं आणि केबल बदलून काही होणार नाही.

क्रिम्पिंग नव्याने करायचं असेल तर टी५६८बी हा तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम दोन्ही टोकांना सारखाच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, चूक नेमकी इथेच होते. जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण दोन-चार वेळा वाकली की आत तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी लागते. गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीतून लॅन केबल आणलेली असेल, तर वळवाच्या पावसातल्या विजेने पोर्ट जळतं. पीसी चालतो, कार्ड यादीतही दिसतं, पण कुठल्याही केबलवर ‘नो-कॅरियर’. हे दुरुस्त होत नाही. मोकळ्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत वेगळं लॅन कार्ड बसवा. उघड्यावरचा टप्पा फायबरचा करून घेतला तर हा धोका मुळातूनच जातो, कारण काचेतून वीज वाहत नाही.

चुका मोजा

‘आयपी -एस -एस लिंक शो ईएनपी३एस०’ असं ‘-एस’ दोनदा देऊन टाका. ‘सीआरसी’ (खराब पोहोचलेल्या पाकिटांची मोजणी) खालचा आकडा लिहून ठेवा, एक-दोन जीबीची फाइल घरातल्याच दुसऱ्या मशीनवरून ओढा, पुन्हा बघा. आकडा वाढला तर पाकिटं वाटेत खराब होताहेत. कारण केबल, कनेक्टर किंवा विजेच्या वायरीला चिकटून नेलेली लॅन वायर. ‘ड्रॉप्ड’ वाढणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यावरून केबल बदलू नका. ‘कोलिजन्स’ वाढत असतील तर एका टोकाला वेग हाताने पक्का केलेला आहे आणि दुसरं टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने बोलणं) पडलंय. दोन्हीकडे ऑटो ठेवा.

खरा वेग मोजायला एका मशीनवर ‘आयपर्फ३ -एस’ आणि दुसऱ्यावर ‘आयपर्फ३ -सी’ पुढे पहिल्याचा पत्ता. निरोगी गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास मिळतं, १०० च्या लिंकवर ९४. घरात ९४० मिळतंय आणि बाहेर रडतंय, तर तुमचं मशीन निर्दोष आहे.

यूएसबीचं लॅन अडॅप्टर असेल तर ‘एलएसयूएसबी -टी’ बघा. समोर ४८० एम दिसलं तर ते यूएसबी २ वर बसलंय. पूर्ण गिगाबिट तिथे मिळणार नाही.

कार्ड आणि ड्रायव्हर

‘एलएसपीसीआय -एनएनके’ मध्ये इथरनेट कंट्रोलरखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ हवी. कार्डाचं नाव आहे पण ही ओळ नाही, तर ड्रायव्हर लागलेला नाही. कार्डच नसेल तर बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन बंद आहे का बघा. वेगळं कार्ड असेल तर मशीनची पिन काढून ते पुन्हा नीट बसवा.

नंतर ‘डीमेसग’, म्हणजे कर्नलच्या नोंदी, वाचा. ‘फेल्ड टू लोड फर्मवेअर’ दिसलं तर फर्मवेअरचं, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचं, पॅकेज हवं. डेबियनमध्ये रिअलटेकसाठी ‘फर्मवेअर-रिअलटेक’, इंटेलच्या वायफायसाठी ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ही पॅकेजेस ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात आहेत. जुन्या आवृत्तीवरून आलेल्यांच्या सोर्स यादीत तो विभाग नसला तर पॅकेज सापडत नाही. वायफाय असेल तर ‘आरएफकिल’ही बघा. ‘सॉफ्ट’ अडवणूक ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुटते, ‘हार्ड’ असेल तर लॅपटॉपचं बटणच शोधावं लागतं.

लोड आल्यावरच कार्ड लटकतं? नोंदींत ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ किंवा इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरची ‘हार्डवेअर युनिट हँग’ ही ओळ शोधा. ई१०००ई वर ‘इथटूल -के ईएनपी३एस० टीएसओ ऑफ जीएसओ ऑफ’ हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. यातला ‘के’ मोठा. रीबूटनंतर तो जातो, म्हणून आधी दोन दिवस चालवून बघा आणि मगच कायम करा. मशीन पूर्ण गोठून रीसेट करावं लागलं असेल तर आधीच्या बूटच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ मध्ये मिळतात.

नवीन ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली आणि नेट गेलं, तर जवळजवळ नक्की कार्डाचं नाव बदललंय. ईएनपी३एस० मधला ३ हा पीसीआय बसचा क्रमांक; नव्या वस्तूमुळे तो ४ होतो, आणि सेटिंगची फाइल अजून जुन्याच नावाला हाक मारत बसते. ‘आयपी लिंक’मधलं नाव फाइलीशी ताडून बघा. कायमचा इलाज म्हणजे नाव मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) बांधणं. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क सेटिंगची फाइल) ‘मॅच’खाली मॅक पत्ता आणि ‘सेट-नेम’ द्या. साध्या डेबियनवर सिस्टिमडीच्या (सिस्टिमच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) नेटवर्क फोल्डरात ‘.लिंक’ फाइल ठेवा. नाव ‘लॅन०’सारखं द्या, ‘ईटीएच०’ नको, ते कर्नलच्या स्वतःच्या नावांशी भांडतं.

पत्ता, मार्ग, नाव

‘आयपी अ‍ॅड्रेस’मध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे डीएचसीपीचं, म्हणजे राउटर आपोआप पत्ता देतो त्या सेवेचं, उत्तर आलं नाही. ‘आयपी राउट’मध्ये ‘डीफॉल्ट’ची ओळ हवी. त्या ओळीतल्या गेटवेला (बाहेरच्या नेटचं दार, सहसा तुमचा राउटर) पिंग करा. उत्तर नाही आलं तर लगेच ‘आयपी नेबर’ बघा: गेटवेसमोर ‘रीचेबल’ असेल तर तो जिवंत आहे, फक्त पिंगला उत्तर देत नाही. ‘फेल्ड’ असेल तर तो खरंच पोहोचत नाहीये.

पुढे ८.८.८.८ ला पिंग करा. ते चालतं पण नावाने काही उघडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. उबुंटूवर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये सर्व्हरचा पत्ता बघा. रिझॉल्व्ह फाइलीत १२७.०.०.५३ दिसलं म्हणून घाबरून ते खोडू नका, तो सिस्टिमडीचाच मधला मदतनीस आहे.

पिंग चालतं, काही साइट उघडतात, काही अर्ध्यात अडकतात, एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन) जोडताना मध्येच थिजतं: हे एमटीयूचं, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचं, दुखणं. फायबरवर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडणी करायची पद्धत) असेल तर त्याचे ८ बाइट वजा होऊन १५०० चे १४९२ उरतात. ‘पिंग -एम डू -एस १४६४’ पुढे बाहेरचा पत्ता, यातला ‘एम’ मोठा. १४६४ अधिक २८ बाइटची शीर्षं मिळून १४९२. हे जातं आणि १४७२ जात नाही, तर मर्यादा तीच. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं आधीच लहान ठेवायला लावणारी सोय) चालू करा. ते नसेल तर ‘आयपी लिंक सेट ईएनपी३एस० एमटीयू १४९२’.

शेवटचं एक कारण नेटवर्कसारखं दिसतं, पण नेटवर्कचं नसतं. पिंग ठीक, नावं ठीक, तरी प्रत्येक साइट प्रमाणपत्राची तक्रार करते. ‘टाइमडेटसीटीएल’ द्या. तारीख कित्येक वर्षं मागे असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. मशीन बंद करून पिन काढा, सेल बदला, अधिक चिन्हाची बाजू वर. त्यानंतर बायोसच्या जुन्या सेटिंग पुसलेल्या असू शकतात, म्हणून वेळ लावताना ऑनबोर्ड लॅन चालू आहे आणि डिस्कचा मोड पूर्वी होता तोच आहे, हे बघूनच बाहेर पडा.